रॉबर्ट ओवेन

रॉबर्ट ओवेन (१४ मे १७७१ – १७ नोव्हेंबर १८५८) हे वेल्समध्ये जन्मलेले गिरणीचालक, समाजसुधारक आणि सहकारी चळवळीचे एक आद्य प्रवर्तक होते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीत त्यांनी कामगारांसाठी केलेल्या सुधारणा युरोपभर गाजल्या. माणसांनी स्वेच्छेने एकत्र यावे, मालमत्ता सामाईक ठेवावी, श्रम आणि श्रमाचे फळ वाटून घ्यावे, अशा वसाहती उभारण्याच्या कल्पनेला त्यांनी पुढे आपले उर्वरित आयुष्य आणि बहुतेक सारी संपत्ती वाहिली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वसाहत, अमेरिकेतील न्यू हार्मनी, जेमतेम दोन वर्षे टिकली. असे सामुदायिक जीवन व्यवहारात उतरू शकते काय, या प्रश्नाची चर्चा आजही ओवेन यांच्या उल्लेखावाचून पुरी होत नाही.

बालपण आणि उमेदवारी

ओवेन यांचा जन्म वेल्समधील माँटगोमेरीशायर परगण्यातील न्यूटाऊन या लहानशा गावी झाला. वडील खोगिरे बनवीत, लोखंडी सामानाचे दुकान चालवीत आणि गावच्या टपालाचे कामही पाहत. सात भावंडांत रॉबर्ट सहावे. त्यांचे शालेय शिक्षण वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास संपले आणि ते घर सोडून कामाला लागले. इंग्लंडमधील स्टॅमफर्ड येथील जेम्स मॅकगफॉग या कापड दुकानदाराकडे त्यांनी उमेदवारी केली. तेथे त्यांना तलम कापडाची पारख आली आणि मालकाच्या संग्रहातील पुस्तके वाचण्याची मुभाही मिळाली. नाना पंथांचे ग्रंथ वाचून या मुलाचा सर्वच पंथांवरील विश्वास उडाला. पुढील आयुष्यात हा अविश्वास त्यांना फार महाग पडणार होता.

लंडनमधील एका दुकानात काही काळ काढून ते मँचेस्टरला आले. कापसाच्या सुताचा धंदा तेथे त्या वेळी झपाट्याने वाढत होता. भावाकडून १०० पौंड उसने घेऊन त्यांनी एका कारागिराच्या भागीदारीत सूतकताईची यंत्रे बनविण्याचा उद्योग केला. लवकरच, वयाच्या विशीत, पीटर ड्रिंकवॉटर यांच्या सुमारे ५०० कामगारांच्या गिरणीचे व्यवस्थापक म्हणून त्यांची वर्षाला ३०० पौंडांवर नेमणूक झाली. १७९३ मध्ये ते मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान मंडळाचे सभासद झाले. दुकानात वाढलेल्या या तरुणाचा विद्वानांच्या बैठकीशी आलेला हा पहिला संबंध होय.

न्यू लॅनार्क

व्यवसायानिमित्त ग्लासगोला जात असताना ओवेन यांची ओळख डेव्हिड डेल या गिरणीमालकाची कन्या कॅरोलाइन हिच्याशी झाली. १७९९ मध्ये ओवेन आणि त्यांच्या भागीदारांनी डेल यांच्या न्यू लॅनार्क येथील गिरण्या ६०,००० पौंडांना विकत घेतल्या, आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी कॅरोलाइन व रॉबर्ट यांचा विवाह झाला. १ जानेवारी १८०० पासून गिरण्यांचा कारभार ओवेन यांच्या हाती आला.

न्यू लॅनार्क हे क्लाइड नदीच्या धबधब्यांच्या आधाराने वसवलेले गिरणीचे गाव होते. वस्ती सुमारे दोन हजारांची. तीत एडिंबरो आणि ग्लासगो येथील अनाथालयांतून आणलेली सुमारे ५०० मुले होती. डेल दयाळू मालक होते, तरी या मुलांना दिवसभर गिरणीत राबून रात्री शाळेत बसावे लागे. ओवेन यांनी अनाथालयांतून मुले आणणे बंद केले, दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याचे थांबविले आणि पुढे कामाचे तास साडेदहापर्यंत खाली आणले. गावातील दुकानांत निकृष्ट माल चढ्या भावाने उधारीवर विकला जाई. ओवेन यांनी गिरणीचे स्वतःचे दुकान काढले, घाऊक खरेदी केली आणि चांगला माल मूळ किमतीहून थोड्याच अधिक भावाने देण्यास आरंभ केला. त्या दुकानाचा नफा शाळेकडे जाई. आजारपणासाठी प्रत्येक कामगाराच्या वेतनाचा साठावा भाग वेगळा काढला जाई.

शिस्तीसाठी त्यांनी योजलेले साधन विलक्षण होते. प्रत्येक कामगाराजवळ एक लहान लाकडी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजूंना काळा, निळा, पिवळा आणि पांढरा असे चार रंग दिलेले असत. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असेल तर काळी बाजू समोर येई, उत्तम असेल तर पांढरी. रोजची नोंद वहीत होई. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मालक येता-जाता ठोकळ्याकडे नुसती दृष्टी टाकी. याला मूक निरीक्षक असे नाव पडले. गावात रात्री गस्त घालून दारू पिणाऱ्यांना दंड केला जाई आणि घरांच्या स्वच्छतेची पाहणीही होई. ती पाहणी स्त्रियांना मुळीच आवडत नसे.

परक्या मुलखातून आलेल्या या मालकाकडे कामगार आरंभी संशयाने पाहत. अमेरिकेने निर्यातबंदी घातल्याने कापूस मिळेनासा झाला आणि गिरण्या चार महिने बंद पडल्या, तेव्हा ओवेन यांनी कोणासही काढले नाही. यंत्रे साफसूफ ठेवण्याचे काम देऊन त्यांनी पूर्ण वेतन चालू ठेवले. यासाठी ७,००० पौंडांहून अधिक खर्च झाला. तेव्हापासून गाव त्यांचे झाले.

भागीदारांना मात्र हा खर्च पसंत नव्हता. १८१३ मध्ये गिरण्या लिलावात निघाल्या. ओवेन यांनी जेरेमी बेंथॅम हे तत्त्वज्ञ, विल्यम ॲलन हे क्वेकर पंथीय परोपकारी गृहस्थ आणि आणखी काहींना जोडून नवी मंडळी उभी केली आणि १,१४,१०० पौंडांना गिरण्या परत घेतल्या. भांडवलावर शेकडा पाच व्याज घ्यावे आणि उरलेला नफा कामगारांच्या हितासाठी वापरावा, असे ठरले. १ जानेवारी १८१६ रोजी तेथे चारित्र्य घडविणारी संस्था या नावाची शाळा उघडली. चालता येऊ लागलेल्या बालकांपासून तीत प्रवेश असे. ब्रिटनमधील पहिल्या शिशुशाळांत तिची गणना होते. तेथील पहिले शिक्षक जेम्स बुकॅनन हे मूळचे विणकर. त्यांच्या जोडीला मॉली यंग ही गिरणीत काम करणारी तरुणी होती. मुलांना मारू नये, दरडावू नये, त्यांच्याशी नेहमी गोड बोलावे, एवढीच शिक्षकांना मुख्य सूचना होती. नकाशे, प्राण्यांची चित्रे, गाणी आणि नृत्य यांतून शिक्षण चाले. नृत्य आणि संगीत ॲलन यांच्या धर्मनिष्ठेला मानवले नाही आणि १८२४ मध्ये त्यांवर निर्बंध आले. ओवेन यांच्या साऱ्या कार्यात निर्विवाद यश कोठे आले असेल तर ते या शाळेत. हजारो लोक न्यू लॅनार्क पाहण्यास येत. रशियाचे भावी सम्राट निकोलस यांनीही तेथे भेट दिली होती.

गावाच्या भरभराटीचे श्रेय ओवेन यांनी आपल्या सिद्धांताला दिले. माणसाचे चारित्र्य तो स्वतः घडवीत नाही, परिस्थिती ते घडविते. परिस्थिती बदला, माणूस बदलेल, असा तो सिद्धांत. १८१३ पासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत तो मांडलेला आहे. परंतु न्यू लॅनार्क ही सामुदायिक वसाहत नव्हती, ही गोष्ट त्यांनी पुरेशी लक्षात घेतली नाही. तेथे मालक होता, वेतन होते, हजेरी होती. कामगारांना मताचा अधिकार नव्हता. पुढच्या अपयशांचे बीज या गैरसमजुतीत आहे.

ऐक्याच्या गावांची योजना

नेपोलियनशी चाललेली युद्धे १८१५ मध्ये संपल्यावर ब्रिटनमध्ये बेकारी पसरली. गरिबांना भीक घालण्याऐवजी त्यांची स्वावलंबी गावे वसवावीत, अशी योजना ओवेन यांनी १८१७ मध्ये मांडली. सुमारे १,२०० माणसे, हजार ते दीड हजार एकर जमीन, चौकोनी आवारात राहण्याची घरे, मध्यभागी सामाईक स्वयंपाकघर, भोजनगृह आणि शाळा, असे तिचे स्वरूप होते. प्रारंभी बड्या लोकांनीही या योजनेत आस्था दाखविली. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडनमधील जाहीर सभेत ओवेन यांनी सर्व धर्मांना मानवजातीच्या दुःखाचे कारण ठरविले. त्यांच्या पाठीराख्यांतील अनेकजण दुरावले. बालकामगारांसाठी त्यांनी चालविलेल्या खटपटीतून १८१९ चा कारखाना कायदा झाला खरा, पण तो फक्त सूतगिरण्यांपुरता होता. त्यात वयाची अट दहाऐवजी नऊ वर्षांची आली, नऊ ते सोळा वर्षांच्या मुलांचे कामाचे तास बारा राहिले आणि तपासनीस नेमण्याची तरतूद झालीच नाही.

न्यू हार्मनी

अमेरिकेतील इंडियाना राज्यात वॉबॅश नदीकाठी हार्मनी नावाचे तयार गाव विकाऊ असल्याचे १८२४ मध्ये ओवेन यांना कळले. जर्मनीतून आलेल्या जॉर्ज राप यांच्या धर्मपंथाने ते १८१४ पासून दहा वर्षांत जंगल तोडून वसविले होते. घरे, गिरण्या, फळबागा, द्राक्षमळे, सारे जागच्या जागी उभे होते. या पंथाची मालमत्ता सामाईक होती आणि तिचे अनुयायी ब्रह्मचर्य पाळीत. सामुदायिक जीवन त्यांना अवघड गेले नाही, कारण त्यांचा देव एक, भाषा एक आणि गुरू एक होता. गुरूचा शब्द अखेरचा असे. हाच समाज पुढे पेनसिल्व्हेनियात जाऊन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकला. म्हणजे तीच जमीन, तीच घरे, तेच माग. एका समाजाने तेथे दहा वर्षांत वैभव उभे केले आणि दुसऱ्याला तेथे दोन वर्षेही नीट काढता आली नाहीत. ओवेन यांच्या सिद्धांताला यापेक्षा कठोर उत्तर शोधूनही सापडले नसते.

जानेवारी १८२५ मध्ये ओवेन यांनी गाव आणि सुमारे २०,००० एकर जमीन विकत घेतली. त्यानंतर वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात त्यांनी दोन व्याख्याने दिली. श्रोत्यांत जेम्स मन्रो आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यासारखी माणसे होती. जो येईल त्याला प्रवेश, असे आमंत्रण वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरले आणि वसंत ऋतूपासून माणसांचा ओघ सुरू झाला. काही महिन्यांत वस्ती आठ-नऊशेंच्या घरात गेली. ध्येयवादी होते, विद्वान होते, कष्टाळू शेतकरी होते. तसेच फुकटचे अन्न पाहून आलेले आणि स्वतःच्या गावी कोणाशीच न पटलेलेही होते. निवड अशी झालीच नाही. एक अपवाद मात्र नियमात लिहिलेला होता. सर्व प्रकारच्या माणसांना खुल्या असलेल्या या समाजात कृष्णवर्णीयांना सभासदत्व नव्हते. समतेच्या या प्रयोगाची चर्चा करताना ही गोष्ट अनेकदा गाळली जाते.

१ मे १८२५ रोजी प्राथमिक समाज स्थापन झाला. प्रत्येकाच्या श्रमाची किंमत सामाईक दुकानाच्या वहीत जमा आणि त्याने उचललेल्या मालाची किंमत नावे, अशी पद्धत होती. जमीन अद्याप ओवेन यांचीच होती. गाव रांगेला लागण्यापूर्वीच, जून महिन्यात, ओवेन ब्रिटनला परतले. कारभार त्यांचा तरुण मुलगा विल्यम आणि एक समिती यांच्यावर पडला. नव्याचे नऊ दिवस उत्साहात गेले. संगीताच्या मैफली, नृत्याच्या रात्री, व्याख्याने यांची कमतरता नव्हती आणि गावाचे स्वतःचे वृत्तपत्रही निघू लागले. कमतरता होती ती कुशल हातांची. राप यांची माणसे यंत्रे सोडून गेली, पण ती चालविण्याचे कसब आपल्याबरोबर घेऊन गेली होती. कुंभार, लोहार, रंगारी पुरेसे नव्हते, आणि शेतीची माहिती असणाऱ्यांपेक्षा शेतीवर बोलणारे अधिक होते. दुकानातील माल संपे आणि तूट ओवेन यांच्या पैशाने भरून निघे.

जानेवारी १८२६ मध्ये ओवेन परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर नावेतून विद्वानांचा एक मेळाच आला. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम मॅक्ल्युअर, कीटकशास्त्रज्ञ टॉमस से, फ्रेंच निसर्गचित्रकार लस्यूर आणि शिक्षिका मारी फ्रेताजो हे त्यांतील प्रमुख. या नावेला ज्ञानाने भरलेली नाव असे नाव पडले. लगेच, ५ फेब्रुवारी रोजी, नव्या घटनेनुसार पूर्ण समतेचा समाज जाहीर झाला. आता कुशल-अकुशल असा भेद न करता सर्वांना समान वाटा मिळणार होता. जे काम तीन वर्षांनी करण्याचे योजले होते ते नऊ महिन्यांत उरकले गेले, आणि तेही पहिल्या समाजाचे हिशेब जुळण्यापूर्वी.

त्यानंतरची हकीकत फाटाफुटीची आहे. धार्मिक प्रवृत्तीच्या कुटुंबांनी वेगळी शाखा काढली आणि इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांनी दुसरी. काही जणांना मॅक्ल्युअर यांच्या शाळांची व्यवस्था निराळी हवी होती. घटना पुन्हा पुन्हा बदलली गेली. आळशी माणसाला काढावे कसे, हा प्रश्न कोणत्याही घटनेला सुटला नाही. कष्ट करणारा मात्र आपण होऊन गाव सोडी. स्त्रियांवर दुहेरी भार पडला. मतदानाचा अधिकार आणि शिक्षण यांत त्यांना समान मानले गेले, परंतु सामाईक स्वयंपाक, धुणे, शिवण ही कामे त्यांच्याकडेच राहिली, शिवाय घरचे होतेच. त्यांच्या तक्रारींना अहंकार म्हणून उडवून लावणे पुरुषांना सोपे गेले. ४ जुलै १८२६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ओवेन यांनी खाजगी मालमत्ता, विवेकहीन धर्म आणि त्यांवर आधारलेला विवाह ही मानवजातीची त्रिविध बंधने असल्याचे जाहीर केले. देशभर गहजब झाला. गावातील धान्याची चणचण त्याने कमी झाली नाही.

१८२७ च्या वसंतात ओवेन आणि मॅक्ल्युअर यांच्यातील देण्याघेण्याचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. सामाईक मालमत्तेच्या समाजाचे दोन आधारस्तंभ खाजगी कर्जाच्या हिशेबासाठी भांडत असल्याचे दृश्य पाहिल्यावर उरलेल्यांचीही आशा सुटली. ओवेन यांनी प्रयोग संपल्याचे मान्य केले, जमिनी पट्ट्याने दिल्या आणि जूनमध्ये गाव सोडले. त्यांच्या संपत्तीपैकी सुमारे चार पंचमांश भाग या एका गावात गेला. जुन्या समाजात वाढलेल्या माणसांच्या सवयी इतक्या लवकर सुटत नाहीत, असे कारण त्यांनी दिले. ते खरेही होते. मात्र परिस्थितीच माणूस घडवीत असेल, तर जुन्या परिस्थितीत घडलेल्या माणसांनी नवी परिस्थिती उभी कशी करावी, हा पेच त्यांच्या स्वतःच्याच सिद्धांतातून निघतो आणि त्यांनी तो कधी सोडविला नाही. त्यांचे पुत्र रॉबर्ट डेल ओवेन यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत वेगळे कारण सांगितले. निपुण आणि अनिपुण, उद्योगी आणि आळशी यांना एकच मोबदला देणारा समाज निपुण माणसांना आपल्यापासून दूर लोटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच गावात राहिलेले जोसाया वॉरन यांनी तर उलट टोक गाठले आणि व्यक्तीच्या सार्वभौमत्वाचा पुरस्कार आयुष्यभर केला.

गाव मात्र ओसाड पडले नाही. से यांचे कीटक आणि शंखशिंपल्यांवरील ग्रंथ तेथेच तयार झाले. ओवेन यांचे पुत्र डेव्हिड डेल ओवेन नामवंत भूगर्भशास्त्रज्ञ झाले. रॉबर्ट डेल ओवेन काँग्रेसचे सदस्य झाले आणि स्मिथसोनियन संस्थेच्या स्थापनेच्या कायद्यात त्यांचा मोठा वाटा होता. कॅरोलाइन ओवेन मात्र अमेरिकेला कधीच गेल्या नाहीत. पती आणि मुले समुद्रापलीकडे असताना त्या स्कॉटलंडमध्येच राहिल्या आणि १८३१ मध्ये निधन पावल्या. श्रद्धाळू वृत्तीच्या या स्त्रीने पतीचे सारे प्रयोग सोसले. ओवेन यांच्या चरित्रांत तिला फारशी जागा मिळालेली नाही.

इतर वसाहती

ओवेन यांच्या विचारांवर इतरांनी काढलेल्या वसाहतींत स्कॉटलंडमधील ऑर्बिस्टन (१८२५–१८२७) ही तिचे संस्थापक एब्रम कूम यांच्या मृत्यूनंतर मोडली. आयर्लंडमधील रालाहीन हिची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. क्लेअर परगण्यातील जमीनदार जॉन स्कॉट व्हँडेलर यांच्या कारभाऱ्याचा कुळांच्या असंतोषातून खून झाला होता. १८३१ मध्ये त्यांनी आपली सुमारे ६१८ एकर जमीन ठरावीक खंडाने कुळांच्या एका संघाला दिली आणि एडवर्ड टॉमस क्रेग यांना व्यवस्थेसाठी बोलाविले. येथे नव्या माणसाला आधी आठवडाभर राहून दाखवावे लागे आणि नंतर गुप्त मतदानाने त्याला प्रवेश मिळे. दारू आणि जुगार यांना बंदी होती. कामाचा हिशेब रोज मांडला जाई, वाद सभासदांची समिती मिटवी. भोवतालचा प्रदेश पेटलेला असताना येथे शांतता राहिली, पीक वाढले, यंत्राने कापणी झाली आणि खंड वेळेवर पोचता झाला. दोन वर्षांनी जमीनदार महाशय डब्लिनमध्ये जुगारात सर्वस्व हरून परागंदा झाले. सावकारांनी संघाचा कोणताही हक्क मानला नाही आणि कुटुंबे रस्त्यावर आली. श्रमाच्या मोबदल्यात दिलेल्या चिठ्ठ्यांचे पैसे क्रेग यांनी पदरचे घालून चुकते केले. रालाहीन माणसांच्या स्वभावामुळे मोडले नाही; जमीन त्यांच्या नावावर नव्हती म्हणून मोडले. सामुदायिक जीवन अशक्यच, असे म्हणणाऱ्यांनी न्यू हार्मनीबरोबर रालाहीनही वाचले पाहिजे.

इंग्लंडमधील हॅम्पशायर येथील क्वीनवूड (१८३९–१८४५) ही अखेरची मोठी वसाहत. कामगारांच्या वर्गणीतून आलेला पैसा तेथे भव्य इमारतीवर खर्च झाला आणि जमीन मात्र हलकी निघाली. तिच्या अपयशाची जबाबदारी ओवेन यांच्या उधळ्या कारभारावरही येते.

श्रमविनिमय, कामगार संघटना आणि रॉचडेल

१८२९ मध्ये ओवेन ब्रिटनला कायमचे परतले, तेव्हा न्यू लॅनार्कशी असलेला त्यांचा संबंध संपला होता. कामगारांनी मात्र त्यांना आपले पुढारी मानले. १८३२ मध्ये लंडनमध्ये त्यांनी श्रमविनिमय केंद्र उघडले. कारागिराने वस्तू आणावी आणि तीत गेलेल्या श्रमतासांची चिठ्ठी घेऊन दुसरी वस्तू न्यावी, अशी ती योजना होती. खपणाऱ्या वस्तू लवकर उचलल्या जात आणि न खपणाऱ्या साठून राहत. १८३४ मध्ये केंद्र बंद पडले. त्याच वर्षी स्थापन झालेला सर्व धंद्यांतील कामगारांचा राष्ट्रीय महासंघही महिन्यांतच कोसळला. टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा लंडनमध्ये निघालेल्या प्रचंड मोर्चात ओवेन सहभागी होते.

ओवेन यांच्या विचाराचे टिकाऊ फळ त्यांच्या हातून लागले नाही. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे विणकर आणि इतर कामगार अशा २८ जणांनी थोडी थोडी बचत करून एक दुकान काढले. पीठ, लोणी, साखर, ओटाचे पीठ, एवढाच माल. त्यांतील काहीजण ओवेनपंथी होते आणि त्यांच्या उद्दिष्टांत स्वावलंबी वसाहत स्थापण्याचाही समावेश होता. ती वसाहत कधीच झाली नाही. परंतु प्रत्येक सभासदाला एक मत, भांडवलावर मर्यादित व्याज आणि खरेदीच्या प्रमाणात नफ्याची वाटणी हे त्यांचे नियम जगभर गेले. घर, चूल आणि श्रद्धा ज्याची त्याला ठेवून फक्त व्यवहाराचा एक भाग सामाईक करण्याची ही पद्धत होती. भारतात १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि पुढे महाराष्ट्रात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी केली. त्या परंपरेचा एक धागा रॉचडेलमार्गे ओवेन यांच्यापर्यंत पोचतो.

अखेरची वर्षे

उतारवयात ओवेन परलोकविद्येकडे वळले आणि दिवंगत थोर पुरुषांशी आपला संवाद होतो असे मानू लागले. अनुयायांना याचा संकोच वाटे. १८५७ मध्ये त्यांनी आत्मचरित्राचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी प्रकृती ढासळलेली असताना ते, दहाव्या वर्षी सोडलेल्या न्यूटाऊनला, परत आले आणि १७ नोव्हेंबर १८५८ रोजी तेथेच निधन पावले. गावच्या जुन्या सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले.

फ्रेडरिक एंगल्स यांनी पुढे ओवेन यांना कल्पनारम्य समाजवाद्यांत गणले, तरी इंग्लंडमधील कामगारांच्या हिताच्या प्रत्येक खऱ्या सुधारणेशी त्यांचे नाव जोडलेले आहे, हेही मान्य केले. न्यू लॅनार्कला २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत स्थान मिळाले. गिरणी आणि शाळा तेथे पाहावयास मिळतात, आणि कामगारांच्या जुन्या घरांतून आजही कुटुंबे राहतात.